बाळ एनआयसीयूत, बाळंतीण वॉर्डात: अशा वेळी वडिलांनी नेमकं काय करायचं?

घाटमाथा

अवघड बाळंतपण झालं की चित्र ठरलेलं असतं. बाळंतीण टाके सांभाळत एका मजल्यावर, बाळ दुसऱ्या मजल्यावर नवजात अतिदक्षता विभागात (एनआयसीयू) काचेच्या पेटीत, आज्या जपमाळ घेऊन जिन्यात आणि बाप मेडिकलच्या रांगेत. कधी बाळ दुसऱ्याच रुग्णालयात असतं. त्या वेळी दोन्हीकडे जाऊ-येऊ शकणारा माणूस एकच असतो, पण त्याला कोणी काही सांगत नाही. 'तुम्ही बाहेर थांबा' एवढंच.

माझं मत असं की या माणसाला करण्यासारखी बरीच ठोस कामं आहेत आणि त्यातली काही वेळेत झाली नाहीत तर नुकसान होतं. ती कामं इथे जमा करू. इथे विभागात काम करणारी, दुधाचं समुपदेशन करणारी, विम्याच्या टेबलावर बसणारी मंडळी आहेत हे ठाऊक आहे. एकच विनंती, 'आमच्या वेळी काय झालं' हे वेगळ्या धाग्यावर लिहा. इथे फक्त काय, किती, कधी आणि का.

अर्धवट_पुणेकर

पार्किंगची पावती जपून ठेवणे. बाकी तज्ज्ञ सांगतीलच.

सिस्टर_इनचार्ज

पुणेकर, हसू नका, रात्री दोनला बाबालोक खरंच ती शोधत असतात.

पहिल्या तासापासून सुरुवात करते. बाळाला अजून नाव नसतं, त्यामुळे फाइल, पट्टा, रक्ताच्या बाटल्या सगळ्यांवर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव असतं. बाळाच्या हातापायावरच्या पट्ट्यावरचं आईचं नाव, नोंदणी क्रमांक, जन्मवेळ, वजन आणि मुलगा की मुलगी हे स्वतः वाचून बघा. जुळं असेल तर पहिलं-दुसरं हेही. आईचं नाव आधारवर एक, फाइलवर माहेरचं आणि विम्यात तिसरंच, हा घोळ इथे सुरू होतो आणि बिलापर्यंत पाठ सोडत नाही.

मग डॉक्टर जी माहिती विचारतात ती एका कागदावर लिहून खिशात ठेवा:

किती आठवडे पूर्ण झाले होते (महिने सांगू नका, 'सातवा लागला होता' यावरून आम्हाला काही कळत नाही). पाणी कधी गेलं, नेमकी वेळ. १८ तासांहून जास्त झाले असतील तर संसर्गाची शंका वाढते. आईला ताप होता का. आईचा रक्तगट. साखर, थायरॉइड, रक्तदाबाच्या गोळ्या. आणि बाळाच्या फुफ्फुसांसाठी बाळंतपणाआधी आईला देतात ती इंजेक्शनं मिळाली का, किती आणि कधी. डेक्सामेथासोन असेल तर ६ मिलीग्रॅमचे १२ तासांच्या अंतराने ४ डोस, बीटामेथासोन असेल तर १२ मिलीग्रॅमचे २४ तासांनी २. एकच डोस होऊन बाळंतपण झालं असेल तर तेही सांगा, उपचाराचा अंदाज त्यावर बदलतो.

आणि बाबांच्या धावपळीत हमखास राहतं ते एक. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईला अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत मिळायला हवं. बाळ दुसऱ्या रुग्णालयात असतं, त्याचा रक्तगट तिथे कळतो, आई इथे, आणि निरोप मधेच हरवतो. तो निरोप तुम्ही पोचवा.

काटकोन

हे सगळं रुग्णालयाचं काम नाही का? पैसे भरायचे आणि निरोप्याचंही काम करायचं?

सिस्टर_इनचार्ज

एकाच इमारतीत असाल तर आमचंच काम आहे, शंभर टक्के. बाळ हलवलं की फट पडते. संदर्भचिठ्ठीत जागा असते चार ओळींची.

बालवैद्य_बिनपाटी

हलवण्याबद्दल लिहितो, कारण चांगलं जन्मलेलं बाळ रस्त्यात बिघडतं ते बहुतेक तीन कारणांनी: थंडी, साखर, श्वास.

बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस हवं. दीड किलोच्या बाळाच्या अंगावर चरबी नसते, कातडी पातळ, डोकं शरीराच्या मानाने मोठं. एसी चालू असलेल्या गाडीत ते अर्ध्या तासात गार पडतं. मग ऑक्सिजन जास्त लागतो, साखर उतरते आणि पोचेपर्यंत सगळंच बिघडलेलं असतं. वाहतुकीचा इनक्युबेटर नसेल आणि बाळाला श्वासाचा आधार लागत नसेल, तर सगळ्यात भरवशाची ऊब म्हणजे मोठ्या माणसाची उघडी छाती. बापाची चालते. टोपी, मोजे, डायपर, छातीवर उभं बाळ, वरून शाल. गरम पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या नकोत, भाजतं.

निघण्यापूर्वी विचारायचं: साखर किती आहे (४५ मिलीग्रॅमच्या खाली असेल तर आधी ती दुरुस्त करून निघायचं), सोबत कोण येतंय, ऑक्सिजन किती वेळ पुरेल, आणि तिकडे खाट नक्की आहे का, कोणाशी बोलणं झालं. 'घेऊन जा, तिथे बघतील' या वाक्यावर गाडी काढायची नाही. १०८ ला फोन करताना 'नवजात बाळ, वजन इतकं, ऑक्सिजनवर आहे' असं पहिल्याच वाक्यात सांगा.

सोबत आईच्या रक्ताची ३ ते ५ मिलिलीटरची नावाची चिठ्ठी लावलेली नळी न्या. बाळाला रक्त द्यायची वेळ आली तर जुळवणीसाठी आईचा नमुना लागतो. तो नसला की कोणीतरी रात्री मोटारसायकलवरून आणायला पळतं. तो कोणीतरी कोण, हे सांगायला नको.

नवखा_बाबा_लवकरच

आत गेल्यावर एवढे आवाज असतात, कशाकडे बघायचं?

सिस्टर_इनचार्ज

आधी बाळाकडे, मग यंत्राकडे. दिवसातले बरेचसे भोंगे पायावरचा लाल दिवा असलेला चिमटा सरकल्यामुळे वाजतात. बाळ गुलाबी आहे, छाती हलतेय, आणि पडद्यावरची लाट वेडीवाकडी, तर चिमटा हललाय. सिस्टर येईल. तुम्ही हात लावू नका.

आत येताना अंगठी, घड्याळ, मनगटातला लाल दोरा, सगळं काढून कोपरापर्यंत साबणाने हात. दोरा काढायला बऱ्याच जणांचा जीव होत नाही. खिशात ठेवा, देव तिथेही असतो. मोबाइल हा सगळ्यात मळका, तो बाहेर.

बालवैद्य_बिनपाटी

पडद्यावर 'ऑक्सिजन ९२' बघून आईवडील घाबरतात, १०० का नाही म्हणून. मुदतीआधीचं बाळ ऑक्सिजनवर असताना आम्ही मुद्दाम ९० ते ९५ च्या मध्ये ठेवतो. जास्त ऑक्सिजन हे औषधाच्या जास्त डोससारखं आहे, डोळ्याच्या पडद्यातल्या अर्धवट वाढलेल्या रक्तवाहिन्या त्याने बिघडतात. त्यामुळे 'थोडा वाढवा ना साहेब' असा आग्रह धरू नका.

पेटीशेजारी पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येत असतील तर तो बबल सीपॅप. नळी पाण्यात ५ सेंटिमीटर बुडवलेली असेल तर फुफ्फुसांवर साधारण तेवढाच दाब राहतो आणि श्वास सोडल्यावर ती मिटत नाहीत. बुडबुडे थांबले तर कुठेतरी हवा गळतेय, बहुधा नाकाशी किंवा उघड्या तोंडातून. तेव्हा आवाज द्या, हे बाबांच्या लक्षात येण्यासारखं आहे. सरफॅक्टंट हे श्वासनलिकेत सोडायचं औषध, फुफ्फुसांचे फुगे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. महाग असतं, वजनावर डोस ठरतो, आणि द्यायचं तर पहिल्या काही तासांतच फायदा जास्त. त्यामुळे त्याच्या संमतीसाठी फोन आला की 'घरी विचारून सांगतो' नको.

रोज राउंड झाल्यावर चारच प्रश्न विचारा. कालपेक्षा श्वासाचा आधार कमी की जास्त? दूध किती मिली आणि किती वेळाने? वजन किती? अँटिबायोटिक कशासाठी चालू आहे आणि रक्ताच्या कल्चरचं (रक्तात जंतू वाढतात का ही तपासणी) काय झालं? ४८ तासांत कल्चरमध्ये काही उगवलं नाही आणि बाळ चांगलं असेल तर बहुतेक वेळा अँटिबायोटिक बंद करता येतं. कोणी विचारत नाही म्हणून ते सात दिवस चालू राहिलं असं व्हायला नको.

वजनावरून रडू नका. पहिल्या आठवड्यात ते उतरतंच, पूर्ण दिवसांच्या बाळाचं १० टक्क्यांपर्यंत आणि लवकर आलेल्याचं १५ पर्यंत. १० ते १४ दिवसांत जन्मवजन परत येतं. पुढे किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम वाढ म्हणजे गाडी रुळावर.

काटकोन

हे सगळं लवकर आलेल्या बाळाचं झालं. पूर्ण दिवसांचं बाळ, कळा लांबल्या, रडलंच नाही, त्याचं काय? तिथे बाहत्तर तास बाळाला गार करतात असं ऐकलं. वर तर म्हणताय गार पडू देऊ नका.

बालवैद्य_बिनपाटी

रास्त प्रश्न. मेंदूला प्राणवायू कमी पडला की इजा दोन टप्प्यांत होते: लगेच, आणि मग सहा-आठ तासांनी दुसरी लाट. त्या दुसऱ्या लाटेसाठी शरीराचं तापमान यंत्राने ३३ ते ३४ अंशांवर ७२ तास ठेवतात आणि मग ताशी अर्ध्या अंशाने हळू वर आणतात. सुरुवात जन्मापासून ६ तासांच्या आत. बाळ साधारण ३६ आठवड्यांच्या वरचं आणि इजा मध्यम किंवा तीव्र हवी. मोजून-मापून गार करणं आणि गाडीत गारठणं यात भाजणं आणि भाजून निघणं एवढा फरक आहे.

काटकोन

उपमा जमली नाही, पण मुद्दा कळला. मात्र हेलिक्स नावाची चाचणी भारत, श्रीलंका, बांगलादेशात झाली होती ना? २०२१ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यात गार केलेल्या बाळांत मृत्यू कमी न होता वाढले. मग बापाने संमतीपत्रावर सही करायची की नाही?

बालवैद्य_बिनपाटी

बरोबर वाचलंय तुम्ही. त्या चाचणीनंतर आमच्यातही दोन तट आहेत. आपल्याकडे इजा बऱ्याचदा कळांच्या आधीपासून हळूहळू झालेली असावी, त्यामुळे सहा तासांची खिडकी प्रत्यक्षात आधीच मिटलेली असते, असा एक अंदाज आहे. काही मोठी केंद्रं निवडक बाळांना हा उपचार अजूनही देतात. सही करण्यापूर्वी विचारा: इजा सौम्य, मध्यम की तीव्र? घड्याळ किती तासांवर आहे? तापमान यंत्र स्वतः राखतं की जेलच्या पिशव्या? व्हेंटिलेटर, झटक्यांची तपासणी आणि रक्तदाबाची औषधं इथेच आहेत ना? शेवटच्याला 'नाही' असं उत्तर आलं तर मी स्वतः सही करायला सांगणार नाही.

एमआरआय साधारण चौथ्या-पाचव्या दिवसानंतर. पहिल्या दिवशी 'मेंदूचं काय होईल सांगा' म्हणून मागे लागलात तर कोणीही प्रामाणिक डॉक्टर छातीठोक उत्तर देणार नाही. आणि जन्मल्यावर एका आणि पाचव्या मिनिटाला बाळाची अवस्था बघून देतात तो अपगार गुणांक भविष्य सांगत नाही. व्हर्जिनिया अपगार बाईंनी १९५२ मध्ये तो बनवला तो 'या क्षणी मदत हवी का' हे बघायला.

दुधाची_साय

आता माझा विषय. बापाचं दुधाशी काय काम, असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

बाळ जवळ नसेल तर दूध आपोआप येत नाही. पहिला चीक जन्मानंतर तासाभरात, निदान सहा तासांच्या आत हाताने काढायला सुरुवात हवी, मग दिवसाला ८ ते १० वेळा. रात्री निदान एकदा, कारण दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. पहिल्या दोन दिवसांत दर वेळी काही थेंब निघतात. ते थेंब बघून 'हिला दूधच नाही' असं घरातल्या कोणी म्हणू नये. हे वाक्य अडवणं हे बाबांचं पहिलं काम. नीट चाललं तर दोन आठवड्यांत दिवसाला ५०० मिली किंवा त्याहून जास्त येतं, आणि दीड किलोच्या बाळाला पूर्ण दूध सुरू झाल्यावर लागतं ते किलोमागे १५० ते १८०, म्हणजे सव्वादोनशे ते पावणेतीनशे मिली.

दुसरं काम वाहतूक. उकळून कोरडी केलेली झाकणाची स्टीलची वाटी किंवा रुग्णालयाची बाटली. वर आईचं नाव, तारीख, काढल्याची वेळ. खोलीच्या तापमानाला चार तास, तेही खोली पंचविशीच्या आत असेल तर. मे महिन्यात नागपुरात हा हिशोब विसरा, लगेच फ्रिज. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला, दारात नाही. विभागासाठी नेताना बर्फाच्या पाकिटांसह थर्मासच्या डब्यात. गोठवलेलं दूध कोमट पाण्यात वाटी ठेवून वितळवायचं. मायक्रोवेव्ह आणि गॅस दोन्ही बाद.

तिसरं, वॉर्डातली खुर्ची, पाणी, जेवण, आणि दूध काढायच्या वेळी पाहुण्यांना बाहेर काढणं.

पेटीतल्या बाळाचा रुमाल आईजवळ आणून ठेवला, किंवा फोटो समोर ठेवला, तरी पान्हा फुटायला मदत होते. फोटो बाबांनीच आणायचा, विभागाची परवानगी घेऊन आणि फ्लॅश बंद करून.

नवखा_बाबा_लवकरच

दूध कमी पडलं तर पावडर? किंवा वहिनीचं बाळ चार महिन्यांचं आहे, तिचं चालेल का?

दुधाची_साय

वहिनीचं कच्चं दूध नको. विषाणू दुधातून जातात, आणि ३० आठवड्यांच्या बाळाला ते झेपत नाही. मायेचा प्रश्न नाही, चाळणीचा आहे. दुधाची पेढी वेगळी: दात्या आईची रक्ततपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून थंड करतात, कल्चर करून गोठवतात. आशियातली पहिली पेढी आपल्याच मुंबईत, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आता बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत आहेत, विचारा.

लहान वजनाच्या बाळाला पावडरच्या दुधाने आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा धोका दात्या दुधापेक्षा जास्त. म्हणून क्रम: आईचं, मग पेढीचं, मग नाइलाजाने प्री-टर्म पावडर. दूध पचत नसेल तर पोट फुगतं, हिरवी उलटी होते, शी मध्ये रक्त दिसतं. डायपर बदलताना दिसलं तर तसाच डायपर सिस्टरला दाखवा.

आज्जीचा_बटवा

एवढं शिकून काय, टाळू कोण भरणार? आमच्याकडे पाचवीला गुटी, शेगडीवर ओव्याची धुरी, डोळ्यात काजळ आणि दूध बोंडल्याने. सगळी पोरं ठणठणीत.

सिस्टर_इनचार्ज

काकू, तुमचा मान राखून. धुरी नाही: ज्या फुफ्फुसांसाठी महिनाभर सीपॅप लावला त्यांना धूर घालायचा नाही. गुटी, मध, साखरपाणी नाही. काजळ नाही. टाळूवर तेलाची घडी नाही, ती ओलसर राहते आणि बाळ गार पडतं. मालीश हलक्या हाताने, वजन वाढू लागल्यावर आणि डॉक्टरांना विचारून. तान्ह्याला दाबून, नाक ओढून, पाय उलटे करून मालीश करणाऱ्या बाईंना चहा देऊन परत पाठवा.

बोंडलं मात्र तुमचं बरोबर! चोखणं, गिळणं आणि श्वास यांची सांगड साधारण ३४ व्या आठवड्याला बसते. त्याआधी नळीने. मग बाटलीपेक्षा बोंडलं, म्हणजे चोचीची छोटी वाटी, किंवा वाटी-चमचा. चांदीचं असो की स्टीलचं, दर वेळी २० मिनिटं उकळलेलं हवं. बाळ अर्धवट बसवून, खालच्या ओठाला टेकवून, त्याने स्वतः जिभेने ओढायचं. घशात ओतायचं नाही.

आज्जीचा_बटवा

बोंडल्याला मान मिळाला, आता मी गप्प.

अर्धवट_पुणेकर

हा धागा इतिहासात जाणार.

बालवैद्य_बिनपाटी

कांगारू पद्धतीबद्दल कोणी नीट लिहिलं नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियात, बोगोटा शहरात, इनक्युबेटर कमी पडत होते म्हणून डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीवर बांधली. तिथून हे निघालं. गरिबांचा तोडगा अशी प्रतिमा बरीच वर्षं होती. २०२१ मध्ये एका मोठ्या चाचणीत (पाच देश, त्यात भारत) १ ते १.८ किलोच्या बाळांना, स्थिर होण्याची वाट न बघता जन्मापासूनच छातीवर ठेवलं तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ८ ते २४ तास अशी शिफारस केली.

८ तास एकट्या बाळंतिणीने, सिझरचे टाके घेऊन, कसे द्यायचे? तिथे बाप येतो. विभागाने नकार दिला तर कारण विचारा. पुष्कळदा कारण फक्त 'आमच्याकडे पुरुषांसाठी खुर्ची नाही' एवढंच असतं.

केसाळ_अस्वल

गंभीर शंका. छातीवर जंगल असेल तर?

सिस्टर_इनचार्ज

जंगल चालतं, घाम आणि अत्तर चालत नाही. अंघोळ करून या. तंबाखू-सिगारेट ओढून लगेच येऊ नका, वास कपड्यात राहतो. सर्दी-खोकला, अंगावर पुरळ असेल तर त्या दिवशी सुट्टी.

कृती: पुढून उघडणारा शर्ट. खुर्ची मागे रेललेली, ३० ते ४५ अंश. बाळाला फक्त डायपर, टोपी, मोजे. छातीच्या मधोमध उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, हात वर. डोकं एका कुशीवर, मान किंचित वर. मान पुढे पडली की श्वासनलिका दुमडते, हीच चूक सगळ्यात धोक्याची. मग सुती उपरणं किंवा जुनी साडी काखेखालून घट्ट गुंडाळून, वरची कड बाळाच्या कानाखाली. एका बैठकीला निदान तास. मधे-मधे काढलं तर बाळाची झोप मोडते आणि फायदा जातो. फोन बघू नका, नाक आणि ओठांचा रंग बघा. उठायच्या आधी लघवीला जाऊन या, हे कुठल्याच पुस्तकात नसतं.

केसाळ_अस्वल

शेवटचं वाक्य कोरून ठेवावं असं आहे.

टीपीए_टेबल

आता रुक्ष भाग.

कंपनीच्या गटविम्यात 'नवजात बाळ पहिल्या दिवसापासून' अशी ओळ आहे का ते बघा. बऱ्याच वैयक्तिक पॉलिसींत बाळ ९० दिवसांनंतरच घेतात. गटविमा असेल तर बाळाचं नाव जोडायची मुदत ठरलेली असते, पुष्कळ ठिकाणी ३० दिवस, ती एचआरला लेखी कळवा. नाव ठरलं नसेल तर 'बेबी ऑफ' चालतं. बारशाची वाट बघू नका.

काही पॉलिसींत बाळाचा खर्च प्रसूतीच्या मर्यादेत कोंबतात, पन्नास हजारांत. काहींत बाळाचा दावा स्वतंत्र असतो. दोन फाइली वेगळ्या ठेवायला रुग्णालयाला पहिल्या दिवशीच सांगा. एकत्र बिल झालं की नंतर फोडता येत नाही.

बिलात बघायचं: दिवसाला ५००० रुपयांवरच्या खोलीभाड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, पण एनआयसीयू त्यातून वगळलेलं आहे. तसंच खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली म्हणून जी प्रमाणशीर कपात करतात ती अतिदक्षतेच्या शुल्कावर लावायची नाही, असा विमा नियामकाचा २०२० पासूनचा नियम आहे. दोन्ही चुका दिसल्या तर नम्रपणे बोट ठेवा. डायपर, हातमोजे, कापूस वगैरे बहुतेक वेळा तुमच्या खिशातून.

ठेचा_भाकर

भाऊ, गटविमा असणारे किती? बाकीच्यांसाठी मी लिहितो, इकडे अमरावती-यवतमाळकडे हेच चालतं.

जिल्हा रुग्णालय आणि स्त्री रुग्णालयात एसएनसीयू असते, नवजात बाळांचा खास कक्ष. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) सरकारी ठिकाणी एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला औषध, तपासणी, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी फुकट. कोणी बाहेरून औषध आणायची चिठ्ठी दिली तर 'जेएसएसके आहे ना' एवढं शांतपणे विचारा, निम्म्या वेळा औषध आतच सापडतं. खूप दिवस व्हेंटिलेटर लागणार असेल तर वैद्यकीय महाविद्यालय, एसएनसीयूची रचना त्यासाठी नसते.

खाजगीत न्यावंच लागलं तर महात्मा फुले योजनेत ते रुग्णालय नवजात उपचारांसाठी आहे का ते विचारा, नुसतं 'योजनेत आहे का' नको. रेशनकार्ड घेऊन थेट आरोग्यमित्राला (योजनेचा रुग्णालयातला माणूस) भेटा. बाळाचं नाव कार्डात नाही म्हणून परत फिरू नका, आईवडिलांचं कार्ड आणि जन्माचा कागद लागतो. आणि हे भरती होतानाच करा. पाच दिवस रोखीने भरून मग योजनेत घ्या म्हटलं की सगळे हात वर करतात.

धर्मादाय न्यासाचं रुग्णालय असेल तर १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, कायद्याने. समाजसेवा अधीक्षकाच्या टेबलावर रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. बिल झाल्यावर नाही, आधी.

घाटमाथा

हे सोन्यासारखं आहे. मूळ प्रश्नातला एक भाग राहिला: बाहेरच्या माणसांचं काय करायचं? फोन थांबत नाहीत.

जिन्यातली_मावशी

एक मेव्हणा किंवा मित्र नेमा. दिवसातून एकदा, संध्याकाळी सातला, त्याच्या फोनवरून एक निरोप. 'तब्येत स्थिर, दूध ८ मिली दर दोन तासांनी, भेटायला येऊ नका' एवढाच. बाबांचा फोन एनआयसीयूसाठी मोकळा हवा आणि चार्ज केलेला. रात्री संमतीसाठी फोन लागला नाही तर डॉक्टर थांबत नाहीत, पण विचारण्याची संधी तुमची जाते.

आणि बाळंतिणीला खोटं सांगू नका. 'सगळं छान आहे' म्हणता आणि चेहरा दुसरंच सांगतो. आकडे सांगा, तिला आकडे समजतात. व्हीलचेअरवर का होईना, पहिल्या २४ तासांत तिला बाळाजवळ न्या.

सिस्टर_इनचार्ज

+१. आणि बाबांनो, तुम्हीही झोपा. दोन रात्री जागलेला माणूस संमतीपत्र वाचत नाही, नुसती सही करतो. पाळी लावा. दोन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, चिडचिड, रडू येत असेल तर ते मानसोपचारातलं काम आहे, लाजायचं काही नाही.

नवखा_बाबा_लवकरच

सुट्टी किती मिळते?

टीपीए_टेबल

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवस पितृत्व रजा, सहा महिन्यांच्या आत घ्यायची. खाजगीत कायद्याने काही नाही, कंपनीचं धोरण बघा. हिशोबाने वापरा: बाळ आत असताना सगळी संपवू नका. घरी आल्यावरचा पहिला आठवडा जास्त जड असतो.

बालवैद्य_बिनपाटी

घरी जाण्याबद्दल. सुट्टी वजनाच्या एका आकड्यावर होत नाही. साधारण १६००-१८०० ग्रॅम, सलग तीन दिवस वाढ, पेटीबाहेर तापमान टिकतं, दूध तोंडाने पूर्ण, आणि औषधाशिवाय पाच-सात दिवस श्वास थांबलेला नाही. निघण्यापूर्वी आईबाबा दोघांनी सिस्टरसमोर एक पूर्ण दिवस सगळं स्वतः करून दाखवायचं.

सुट्टीच्या कागदावर या गोष्टी आहेत का बघा: डोळ्यांच्या तपासणीची तारीख, कानाची तपासणी, मेंदूची सोनोग्राफी, लोह आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब किती मिली. एनआयसीयूच्या बाळाच्या कानाची तपासणी नुसत्या साध्या ओएई चाचणीने होत नाही, पाच दिवसांहून जास्त राहिलं असेल तर बेरा (कानाच्या नसेचीही तपासणी) हवी, कारण नसेतला दोष ओएईत सुटतो. आशाताईंना सुट्टीच्याच दिवशी कळवा.

परत यायची लक्षणं: दूध ओढत नाही, पाय गार, मिनिटाला ६० हून जास्त श्वास, छाती आत ओढली जाते, ताप ३७.५ च्या वर किंवा तापमान ३५.५ च्या खाली, तळहात-तळपाय पिवळे, झटका. यातलं एक दिसलं तरी निघा. उद्या बघू नाही.

काटकोन

डोळ्यांचं जरा सविस्तर. बाळ छान दिसतं, हसतं, मग लोक तपासणी टाळतात.

बालवैद्य_बिनपाटी

म्हणूनच डोळे जातात. पडद्याचा हा आजार, आरओपी, बाहेरून दिसत नाही. पांढरी बाहुली दिसायला लागते तेव्हा उशीर झालेला असतो. आपल्याकडचा नियम: २ किलोपेक्षा कमी किंवा ३४ आठवड्यांपेक्षा आधी जन्मलेलं प्रत्येक बाळ, ३४ ते ३६ चं असेल आणि बराच ऑक्सिजन, संसर्ग वगैरे झालं असेल तर तेही. पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत. २८ आठवड्यांच्या आधीचं किंवा १२०० ग्रॅमच्या खालचं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. लेसर लागला तर ४८ ते ७२ तासांत करावा लागतो, त्यामुळे 'सणानंतर बघू' चालत नाही. पहिली तपासणी ठीक आली तरी संपलं नाही, डॉक्टर 'पडदा पूर्ण वाढला' म्हणेपर्यंत जायचं.

ठेचा_भाकर

गावाकडे बाळ २० दिवसांनी सुट्टी होऊन येते अन् ३० वा दिवस घरी उजाडतो. तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

घाटमाथा

समजा कागदावर तारीखच लिहिलेली नाही. १० मे चा जन्म, सुट्टी ५ जूनला. मग?

सिस्टर_इनचार्ज

जन्मतारखेपासून मोजा, सुट्टीपासून नाही. १० मे चं बाळ ९ जूनला ३० दिवसांचं होतं. म्हणजे तुमच्या हातात चार दिवस आहेत. सुट्टीच्या दिवशीच, गाडीत बसायच्या आधी, पडदा तपासणाऱ्या नेत्रतज्ज्ञांची वेळ घ्या. चष्म्याचे सगळे डॉक्टर ही तपासणी करत नाहीत, फोनवर 'आरओपी बघता का' हे शब्द वापरून विचारा. तपासणीआधी बाहुली मोठी करायचे थेंब घालतात. साधारण तासभर आधी दूध पाजून ठेवा, नाहीतर उलटी होते.

नवखा_बाबा_लवकरच

शेवटचं. लसी कुठल्या वयाने? आणि पाच महिने झाले तरी मान धरत नाही म्हणून शेजारीण घाबरवतेय, असं एका मित्राचं चाललंय.

बालवैद्य_बिनपाटी

लसी जन्मतारखेनेच, सहा आठवडे म्हणजे सहाच. फक्त २ किलोखालच्या बाळाच्या कावीळ-ब लसीचं गणित वेगळं असतं, ते सुट्टीच्या कागदावर लिहून घ्या. वाढ मात्र सुधारित वयाने, म्हणजे ४० पैकी जितके आठवडे लवकर आलं तितके वजा करून, दोन वर्षांचं होईपर्यंत. मित्राचं बाळ ३१ व्या आठवड्याला जन्मलेलं असेल तर ते ९ आठवडे लवकर आलंय. आज २२ आठवड्यांचं असेल तर मान धरण्याच्या हिशोबात १३ आठवड्यांचं, म्हणजे तीन महिन्यांचं. थांबायला हरकत नाही, पण ठरलेल्या तपासणीला न्या. अंग ताठ वाटत असेल, मुठी सतत मिटलेल्या असतील, किंवा एकच बाजू हलत असेल तर मात्र थांबू नका, जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) फिजिओथेरपी मोफत आहे.

अर्धवट_पुणेकर

आणि शाळेच्या प्रवेशाला कुठलं वय?

टीपीए_टेबल

जन्मदाखल्यावरचं. तो २१ दिवसांच्या आत नोंदवलाय ना, आणि त्यावर आईचं नाव आधारसारखंच आहे ना, ते आजच बघा.